रथाचे छायाचित्र

इंग्रजी भाषेत मोटारगाडीला जो शब्द आहे, तोच दक्षिणेतील देवळांच्या रथालाही आहे. 'कार' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेट्रोलवर धावणारी गाडी उभी राहते; परंतु 'टेंपल कार' आणि 'कार फेस्टिव्हल' हे शब्द मोटारीचा जन्म होण्यापूर्वीपासून इंग्रजांच्या लिखाणात आढळतात. आता मोटारीही जुन्या झाल्या. त्यांचे मेळावे भरू लागले. दिल्लीस 'स्टेट्समन' वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी १९६४ साली सुरू केली, आणि अशा फेऱ्यांतून मोटारींइतकीच गर्दी कॅमेऱ्यांचीही होऊ लागली. आज मला जुन्या गाड्यांच्या छायाचित्रणाविषयीच बोलावयाचे आहे. मात्र त्यासाठी मी तुम्हांला घेऊन जाणार आहे तो मोटारींच्या फेरीला नव्हे, तर त्याहून कितीतरी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरात.

हे गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये, तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर वसले आहे. मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला जे राज्य स्थापिले, ते भोसले घराण्याकडे १८५५ सालापर्यंत राहिले, आणि कुंभकोणमचा परिसर त्या राज्याच्याच छायेत होता. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आजही वाचावयास मिळतो. त्या मुलखात फिरताना मराठी अक्षरे अशी अवचित भेटतात, आणि पाहुणेपणाची भावना थोडी कमी होते.

कुंभकोणमला रथ दोन प्रकारचे आहेत. एक दगडाचे, जे कधीच हलत नाहीत. आणि दुसरे लाकडाचे, जे वर्षातून एखाद-दोन वेळा हलतात. शार्ङ्गपाणी मंदिराचा गाभाराच मुळी रथाच्या आकाराचा आहे. त्याला दगडी चाके आहेत आणि दगडी घोडे व हत्ती तो ओढीत आहेत. गावाला लागूनच दारासुरम् येथे बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधविलेले ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या एका मंडपालाही अशीच चाके आणि झेप घेणारा घोडा कोरलेला आहे. २००४ साली या मंदिराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. दगडाच्या या रथांचे छायाचित्र घेणे त्या मानाने सोपे. सकाळचे तिरपे ऊन चाकावर पडेपर्यंत थांबावे, एवढाच त्याचा नियम. आज साधले नाही तर उद्या यावे. रथ तेथेच असतो.

लाकडी रथाचे तसे नाही. तमिळ भाषेत त्याला 'तेर' म्हणतात. त्याचा खालचा भाग भरभक्कम लाकडाचा, बहुधा मोहाच्या लाकडाचा असतो. त्यावर थरांमागून थर चढत जातात आणि प्रत्येक थरावर देवदेवता, पशुपक्षी, नर्तकी, पुराणकथांतील प्रसंग कोरलेले असतात. त्याच्यावरचा उंच डोलारा मात्र तात्पुरता. बांबूचा सांगाडा बांधावयाचा, त्यावर तांबडी, पांढरी, हिरवी, पिवळी कापडे चढवावयाची, कापडाचे लांबट गोल लंबक सोडावयाचे, आणि उत्सव संपला की सारे उतरवून ठेवावयाचे. एरवी वर्षभर तो कोरीव पाया रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशात उभा असतो. म्हणजे रथाचे पूर्ण रूप वर्षातून काही तासच डोळ्यांना दिसते. त्यातच हा पायाही अमर नाही. लाकूड किडते, फुटते. जुन्या पट्ट्या काढून नव्या बसवाव्या लागतात. कित्येक रथांची लाकडी चाके जाऊन त्या जागी तिरुचिरापल्लीच्या 'भेल' कारखान्यात घडविलेली लोखंडी चाके आली. ते योग्यच झाले, कारण रथ ओढणाऱ्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. परंतु प्रत्येक दुरुस्तीबरोबर जुन्या कारागिरांच्या हातचे काहीतरी जगातून नाहीसे होते, आणि ते कसे होते हे सांगणारा साक्षीदार बहुतेक वेळा एकच उरतो: कोणीतरी घेतलेले छायाचित्र.

हा साक्षीदार आमच्या देशात आला तेव्हा मात्र त्याला रथ चालताना दिसतच नव्हता. मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून नेमलेला लिनिअस ट्राइप हा सेनाधिकारी १८५८ साली तंजावरला आला. भोसल्यांचे राज्य जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्याने बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेखाची एकवीस छायाचित्रे घेऊन ती एकापुढे एक जोडली आणि सुमारे एकोणीस फूट लांबीची पट्टी तयार केली. पण तो वापरीत असे कागदी निगेटिव्ह. प्रकाश टिपावयास त्याला इतका वेळ लागे की त्या अवधीत चालता माणूस धुक्यासारखा विरून जाई. शिलालेख त्याला गवसला, गर्दी गवसणे शक्य नव्हते. पुढे काचेच्या पट्ट्या आल्या, त्यामागून गुंडाळीची फिल्म आली, प्रकाश टिपण्याची मुदत सेकंदाच्या शंभराव्या भागावर येऊन ठेपली, आणि तेव्हा कोठे मिरवणूक कागदावर उतरू लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय घरांतून पेटीवजा कॅमेरे आले. 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' हे नाव अनेकांना आठवत असेल. एका गुंडाळीत बारा चित्रे निघत. त्याच्या झडपेची गती ठरलेली आणि मंद असे. मोटारींच्या शर्यतीला तो कॅमेरा निरुपयोगी. परंतु रथ माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकतो, वारंवार थांबतो, त्यामुळे रथासाठी तो पुरेसा होई. फिल्मसुद्धा पुढे याच तमिळ मुलखात तयार होऊ लागली. निलगिरीच्या थंड हवेत उदकमंडलमला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, आणि १९६७ पासून तेथील 'इंदू' ही फिल्म बाजारात आली. हा कारखाना पुढे कर्जात बुडाला आणि अखेर बंद पडला. पण एका पिढीची लग्ने, बारशी आणि यात्रा त्या चंदेरी थरावर उमटल्या आहेत.

बारा चित्रे म्हणजे बारा निर्णय. रथाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला पहिले चित्र कोठे खर्च करावयाचे आणि शेवटचे कशासाठी राखून ठेवावयाचे, हे आधी ठरवावे लागे. म्हणून तो पाहत असे अधिक आणि टिपत असे कमी. या पाहण्यातूनच रथाच्या छायाचित्रणाचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे त्याला सापडली.

पहिला प्रश्न उंचीचा. रस्त्यावर उभे राहून कॅमेरा वर उचलला की रथ पाठीमागे कलंडल्यासारखा दिसतो, त्याच्या कडा वर निमुळत्या होत जातात. त्यावर उपाय असा की रथाच्या अर्ध्या उंचीवर असलेली एखादी गच्ची किंवा माडी गाठावी आणि कॅमेरा सरळ धरावा. हल्ली संगणकावर या कडा सरळ करता येतात हे खरे; पण तसे करताना चित्राच्या बाजू कापल्या जातात आणि कळस ताणला जातो. गच्चीवर चढण्याचे श्रम त्यापेक्षा स्वस्त पडतात.

दुसरा प्रश्न उजेडाचा. कावेरीखोऱ्यातील ऊन प्रखर असते. त्या उन्हात रथ ओढणाऱ्यांची पांढरी धोतरे लखलखतात, आणि रथाच्या पायथ्याचे कोरीव, तेलकट काळे लाकूड स्वतःच्याच सावलीत बुडालेले असते. धोतरे सांभाळावी तर शिल्प काळवंडते, शिल्प सांभाळावे तर धोतरे विरघळतात. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बऱ्यापैकी सहन करी, म्हणून जुने लोक शिल्पाचे मोजमाप घेऊन थोडा अधिक प्रकाश देत. डिजिटल कॅमेऱ्याची प्रकृती नेमकी उलटी आहे. पांढरे एकदा जळाले की तेथे काहीही शिल्लक राहत नाही. सावलीतून मात्र पुष्कळ वर काढता येते. त्यामुळे आता धोतरांचे माप घ्यावे लागते. साधन बदलले की हाताची सवयही कशी उलटी करावी लागते, त्याचे हे उदाहरण आहे.

तिसरा प्रश्न गतीचा, आणि हा सर्वांत गमतीचा. धावत्या मोटारीची चाके चित्रात पुसट होतात, त्यावरून तिचा वेग कळतो. गेल्या शतकाच्या आरंभी झाक आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने शर्यतीतील एका मोटारीचे छायाचित्र घेतले. त्याच्या कॅमेऱ्याची झडप एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत असल्याने चाक लांबट होऊन पुढे झुकले आणि कडेचे प्रेक्षक मागे झुकले. तो दोष वेगाचे चिन्ह म्हणून जगभर प्रसिद्ध पावला. आजच्या मोबाईलमध्येही चित्र ओळीओळीने टिपले जाते, म्हणून वेगवान वस्तू त्यातही तशाच तिरप्या होतात. रथाच्या बाबतीत असले काहीच साहाय्य मिळत नाही. चालता रथ आणि थांबलेला रथ चित्रात सारखेच दिसतात. फरक दिसतो तो दोरांत. दोर ताणलेला असेल, ओढणाऱ्यांची शरीरे पुढे झुकलेली असतील, चाकाशी लाकडी पाचरी घेऊन बसलेल्या माणसांची नजर चाकावर खिळलेली असेल, तर रथ चालत आहे. दोर सैल पडून रस्त्यावर टेकला असेल तर रथ विसावला आहे. म्हणजे गती रथाच्या चित्रात नसतेच. ती माणसांच्या चित्रात असते. ज्याने केवळ कळस टिपला, त्याने रथाची सजावट टिपली. ज्याने दोर टिपला, त्याने रथोत्सव टिपला.

जुन्या मोटारींच्या छायाचित्रकारालाही त्याचे म्हणून प्रश्न असतातच. तेथे सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चकाकी. घासून पुसून आरशासारख्या केलेल्या गाडीत आकाश, बघ्यांची गर्दी आणि स्वतः छायाचित्रकारही उमटतो. भिंगावर ध्रुवीकरणाची काच लावून फिरविली तर रंगविलेल्या पत्र्यावरचे आणि काचेवरचे प्रतिबिंब बरेच कमी होते. उघड्या धातूवर मात्र तिची मात्रा चालत नाही. मोटारवाल्यांची चकाकी आणि रथवाल्यांची सावली, दोन्हींचा बोध एकच. जे उजेडाचे काम जागेवर करावयाचे, ते जागेवरच करावे. मागाहून यंत्र ते पूर्णपणे भरून देत नाही.

आता डिजिटल युगाकडे वळू. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मविना चालणारा पहिला कॅमेरा जुळविला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. हे खेळणे पुढे काय करील याची कल्पना तेव्हा फार थोड्यांना असेल. कुंभकोणमला मात्र हा बदल मोजण्याची एक सोयीची मोजपट्टी आहे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ असतो. त्याच सुमारास, बारा वर्षांतून एकदा, कुंभकोणमच्या मोठ्या तळ्यावर महामहम पर्व असते. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास भाविकांना मृत्यू आला. त्या दिवसाची छायाचित्रे फिल्मवर आहेत. २००४ साली वृत्तपत्रांचे छायाचित्रकार डिजिटल झाले होते, पण घरोघरच्या यात्रेकरूंच्या हाती अजून फिल्मच होती. २०१६ साली तळ्याच्या पायऱ्यांवर हात वर केलेले मोबाईल दिसले. म्हणजे केवळ दोन पर्वांच्या अंतराने, मोजक्या लोकांची कला सर्वांची सवय होऊन बसली.

या बदलाला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. फिल्मच्या दिवसांत ज्यांना कॅमेरा परवडत नसे, त्यांच्या हाती आज तो आहे. दोर ओढणारा माणूस आता स्वतःच्या रथाचे चित्र स्वतः घेतो. कृष्णधवल फिल्मला रथाच्या कापडांचे रंग सांगता येत नव्हते. फार जुन्या काचपट्ट्यांवर तर तांबडा रंग काळाच उमटे, आणि त्यावरून जुन्या सजावटीचा अंदाज बांधणारा फसे. आजचे चित्र रंग सांगते. कावेरीकाठच्या दमट हवेत फिल्मवर बुरशी चढते. डिजिटल चित्राला बुरशी लागत नाही.

पण त्याला विस्मृती लागते. जुन्या छायाचित्राच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने गाव, देवळाचे नाव आणि तारीख लिहून ठेवी. बारा चित्रे असल्यामुळे तेवढा वेळ मिळे. आज एका सकाळी पाचशे चित्रे निघतात आणि एकाच्याही पाठीवर काही लिहिलेले नसते, कारण त्याला पाठच नसते. कॅमेरा तारीख आपोआप नोंदवितो, मोबाईल जागाही नोंदवितो. परंतु चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून एका हातातून दुसऱ्या हातात गेले की ती नोंद बहुधा गळून पडते. मग उरतो एक सुंदर, निनावी रथ: कोणत्या देवळाचा, कोणत्या वर्षीचा, दुरुस्तीपूर्वीचा की नंतरचा, हे सांगावयास कोणी नसते. फिल्म असो की डिजिटल, नोंद करण्याचे काम यंत्र करीत नाही. ते माणसाचे काम आहे, आणि मला आज जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते एवढेच.

ही टिपणवहीतली बारीकसारीक बाब आहे असे कोणास वाटेल. त्यांच्यासाठी एक घडलेली हकीकत सांगतो. रथात बसते ती देवळातील अचल मूर्ती नव्हे. ती उत्सवमूर्ती, बहुधा पंचधातूची असते. चोळांच्या काळातील अशा मूर्तींना परदेशांत अफाट मोल येते. कुंभकोणमच्या उत्तरेस, अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतान् या खेड्याच्या ओस देवळातून नटराजाची अशीच एक मूर्ती चोरीस गेली. २००८ साली ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर देऊन विकत घेतली. तिच्याबरोबर दाखविलेली कागदपत्रे खोटी होती. परंतु पुदुच्चेरीस १९५५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात दक्षिणेतील देवळांची लाखाहून अधिक छायाचित्रे आहेत, आणि त्यांतील चोरीपूर्वीच्या एका छायाचित्रात हाच नटराज त्याच्या स्वतःच्या गावात उभा होता. चित्र फिल्मच्या काळातले होते. कलाकृती म्हणून त्याची कोणी वाहवा केली नसती. पण त्याच्याबरोबर गावाचे नाव लिहिलेले होते. त्या पुराव्याने मोठी मदत केली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारताला परत मिळाली. पुढे ती आली कुंभकोणमच्याच न्यायालयापुढे. गावाचे नाव नसते, तर ते चित्र कोणत्याही नटराजाचे झाले असते.

याच कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी सन्निधी रस्त्यावर गणिती श्रीनिवास रामानुजन् यांचे घर आहे. १९२० साली ते गेले. सोळा वर्षांनी, १९३६ मध्ये, केंब्रिजच्या हार्डी यांना त्यांचे एक चांगले छायाचित्र हवे होते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी रामानुजन् यांच्या पत्नीची भेट घेतली, तेव्हा त्यांच्या पारपत्रातले एक चित्र मिळाले. आज जग ज्या चेहऱ्याला ओळखते, तो मुख्यतः त्या सरकारी कागदामुळे. ज्या कागदावर नाव, गाव आणि तारीख लिहिणे सक्तीचे होते, त्यानेच ते चित्र जपले.

तेव्हा ज्यांना कुंभकोणमला जावयाचे असेल त्यांनी, अथवा ज्यांना इतके दूर जाणे जमणार नाही त्यांनी आपल्याच मुलखात, थोडे शिस्तीने वागावे. रथ आपल्याकडेही आहेत. जळगावला १८७२ सालापासून कार्तिकी एकादशीस श्रीरामाचा रथ निघतो. तासगावला ऋषिपंचमीस गणपतीचा रथ भाविक दोरांनी ओढतात, आणि त्या देवळाला तर पटवर्धनांनी उभारलेले दक्षिणी धाटणीचे गोपूरही आहे. अशा रथाचे चित्र घ्यावयाचे तर उत्सवाच्या आदल्या दिवशी जावे. सजावट चढण्यापूर्वी लाकडी पायाच्या चारही बाजू, समोरून, सावलीत, एकेक पट्टी क्रमाने टिपावी. शेजारी माप कळावे म्हणून एखादी फूटपट्टी धरावी. उत्सवाच्या दिवशी दोरापासून आणि चाकापासून दूर राहावे. पाचर लावणाऱ्याच्या आणि चाकाच्या मध्ये छायाचित्रकार आला तर चित्राची किंमत कोणीतरी हातापायाने मोजतो. विजेच्या तारांकडेही लक्ष असावे. तंजावरजवळ कळिमेडू येथे एप्रिल २०२२ मध्ये रथ उच्च दाबाच्या तारेला लागून अकरा जणांचे प्राण गेले. आणि घरी आल्यावर पाचशे चित्रांतून बारा निवडावीत. त्या बारांना गाव, देऊळ, तिथी आणि तारीख, रथाची बाजू, आणि कारागीर भेटला असल्यास त्याच्या संमतीने त्याचे नाव, एवढे लिहून ठेवावे. एक प्रत कागदावर उतरवून देवळाच्या कार्यालयात द्यावी. उरलेल्या चारशे अठ्ठ्याऐंशी चित्रांचे काय करावयाचे ते ज्याने त्याने ठरवावे.

पुढील महामहम २०२८ साली आहे. तोपर्यंत कॅमेऱ्यांचे आणखी कोणते रूप बाजारात येईल हे सांगता येत नाही. रथ मात्र तसाच दोरांनी ओढला जाईल, आणि त्याच्या एखाद्या बाजूची जुनी पट्टी त्याआधी बदललेली असेल. ती बदलण्यापूर्वी तिचे चित्र घेऊन त्याखाली दोन ओळी लिहिणारा माणूस तेथे असावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.